जुन्या द्राक्षबागेतलं मोरचूदाचं तांबं कोंबडखताच्या बायोचारनं खरंच बांधलं जातं का?

सोनाका_तासगाव

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितो.

तासगाव तालुक्यात आमची पावणेदोन एकर सोनाका जातीची द्राक्षबाग, वडिलांनी ९८ साली लावलेली, डॉगरिज खुंटावर. आता वेल थकलेत, माल निम्म्यावर आलाय, म्हणून यंदा बाग काढायची ठरवलीय. दोन वर्षं तिथं भाजीपाला आणि सोयाबीन करायचं नि मग परत बाग लावायची असा विचार आहे. काढायच्या आधी माती तपासून घेतली. सामू ८.३, चुनखडी १४ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.६२, झिंक ०.५ पीपीएम (दहा लाखात एक भाग म्हणजे एक पीपीएम), लोह ३.१, आणि तांबं २२. लॅबच्या कागदावर तांब्यापुढं नुसतं "भरपूर" असं छापलंय, जणू काय चांगलीच गोष्ट आहे. विचारलं तर म्हणाले कमतरता नाही, काळजी करू नका.

पण मला काळजी वाटतेच. पंचवीस-सव्वीस वर्षं डाऊनी रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद नि चुन्याचं मिश्रण, मारलाय, पावसाळ्यात मारलाय, छाटणीनंतर मारलाय, खोडांना पेस्ट लावलीय. मोरचूदाची पोती पाठीवर वाहून नेलीत मी लहानपणी, हात निळे व्हायचे. ते सगळं तांबं गेलं कुठं? खालीच पडलं ना. आणि डोळ्यानं दिसतंय म्हणून सांगतो, बांधावर पावसाळ्यात गांडुळांच्या मातीचे ढीगच्या ढीग असतात आणि वेलीच्या ओळीत दहा पावलं आत गेलं की एक नाही. गेल्या वर्षी दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात मेथी टाकली तर बोटभर आली आणि पिवळी पडली, नवीन पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी एका कृषी प्रदर्शनात एका स्टॉलवर कोंबडखताचा बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजून केलेला कोळसा, विकायला होता, तो माणूस छातीठोकपणे सांगत होता की हा जमिनीतले जड धातू शोषून घेतो, विष काढून टाकतो, एकरी अर्धा टन टाका नि विसरा. दोन गोण्या आणल्यात, अजून टाकल्या नाहीत. घरी पाच गाई आहेत, म्हणजे शेणाचा बायोचार आपण घरीपण करू शकतो.

तर मला कुणीतरी नीट सांगा, यानं तांबं खरंच निघून जातं का? शेणाचा चांगला की कोंबडखताचा? आणि कोंबड्यांच्या खाद्यातपण तांबं घालतात असं ऐकलंय, मग तेच परत आपल्या रानात येणार नाही का?

---

भट्टी_कवलापूर

राम राम. रसायनशास्त्र मला येत नाही, ते जाणकार सांगतील, पण तीन वर्षं झाली घरी बायोचार करतोय म्हणून हाताला जे लागलंय ते सांगतो.

मी दोनशे लिटरचं पिंप वापरतो. मोठ्या पिंपात एक लहान पिंप, लहान पिंपात वाळलेल्या शेणी खच्चून भरायच्या, झाकण लावायचं पण हवाबंद नाही, खाली चार भोकं ठेवायची. दोन्हीच्या मधल्या जागेत काड्या-चिपाडं पेटवायची. अर्ध्या पाऊण तासानं आतनं धूर यायला लागतो, मग तोच धूर भोकापाशी पेट घेतो, आणि ती ज्योत आपोआप विझली की समजायचं आतलं काम झालं. मग लगेच पाणी मारायचं. इथंच सगळे चुकतात. गरम असताना झाकण काढून ठेवलं आणि पाणी मारायला उशीर केला की वरचा थर पांढरा होतो, ती राख झाली, कोळसा नाही. शेणी तर एवढ्या पटकन जळून जातात की काय विचारू नका, लाकडाचा कोळसा तेवढा वेळ तरी देतो. मला २० किलो वाळलेल्या शेणींतनं ९ किलोच्या आसपास माल मिळतो.

कोंबडखताचंपण केलंय. वास सहन होत नाही, वस्तीजवळ तर करूच नका. आणि त्याचा माल शेणाच्यापेक्षा जड, करडा, हातात घेऊन ओला करून चोळला तर बुळबुळीत लागतो, साबणासारखा. सामूच्या कागदावर टाकलं तर कागद गडद निळा. उत्साहात मी तो ताजाच मिरचीला टाकला, रोपाच्या बुडात दोन दोन मुठी, आणि आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. क्षार. शंभरातली चाळीस रोपं परत लावावी लागली. त्यानंतर मी कुठलाही बायोचार आधी शेणखतात महिनाभर मुरवल्याशिवाय टाकत नाही, पाणी मारून मारून. तुमच्या त्या दोन गोण्या तशाच टाकू नका एवढं माझं ऐका.

तुमच्या गोणीतला खरंच बायोचार आहे का नुसती राख आहे ते पण बघून घ्या. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर टाका, ढवळा, तासभर ठेवा. करडं गढूळ पाणी आणि खाली पांढुरका गाळ जास्त असेल तर राखच विकलेली असू शकते तुम्हाला.

---

मातीवाली_कराड

दादा, प्रश्न अगदी मुळातला विचारलाय तुम्ही. मी मृदशास्त्रात एमएस्सी केलंय आणि बरीच वर्षं माती तपासणीचंच काम करते, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे, नाही, तांबं निघून जात नाही. धातू कुजत नाही, उडून जात नाही, कुठला जिवाणू त्याला खाऊन संपवत नाही. बायोचार टाकल्यावर जमिनीतलं एकूण तांबं ग्रॅमनं कमी होत नाही, फक्त त्यातलं मुळाला आणि गांडुळाला मिळणारं कमी होतं. तो मिळणारा हिस्सा म्हणजे साधारण तुमच्या रिपोर्टमधला डीटीपीएचा (त्या रसायनानं मातीतनं जेवढं सुटतं तेवढ्याचा) आकडा, तो २२ आहे. एकूण तांब्याची टेस्ट वेगळी असते, ॲसिडमध्ये माती उकळून करतात, ती तुम्ही केलेली नाही. "विष काढून टाकतो" म्हणणाऱ्यानं तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि मला याचा खरंच राग येतो कारण माणूस एकदा फसला की पुढं चांगल्या गोष्टीवरपण विश्वास ठेवत नाही.

तुमचं तांबं किती असेल याचा साधा हिशोब करू. एकरी ३५० लिटर पाणी, एक टक्का बोर्डो म्हणजे साडेतीन किलो मोरचूद. मोरचूदात तांबं पाव हिस्सा, म्हणजे एका फवारणीला जवळपास ९०० ग्रॅम. वर्षाला चार धरल्या तरी साडेतीन किलो, २५ वर्षांत ८८ किलो. एक एकर जमिनीचा वरचा सहा इंचाचा थर साधारण ९ लाख किलो भरतो. सगळं तिथंच राहिलं असं धरलं तर जवळजवळ १०० पीपीएम वाढलं, आपल्या काळ्या मातीत मुळात असतं ते वेगळं, कारण ती बेसॉल्टपासून झालेली आणि बेसॉल्टमध्ये तांबं असतंच. आणि तांबं खाली फारसं उतरत नाही, सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून वरच्याच थरात बसतं. गांडुळं नेमकी तिथंच राहतात आणि तांब्याच्या बाबतीत ती फार नाजूक. तुम्ही बांध आणि ओळ यातला फरक बघितलात ना, तुमच्या निरीक्षणाला दाद देते, रिपोर्टपेक्षा ते जास्त बोलतंय.

आता शेणाचा किंवा कोंबडखताचा बायोचार धातू धरतो कसा. बहुतेकांना वाटतं कोळशाला भोकं असतात, त्यात धातू अडकतो. लाकडाच्या कोळशात भोकं भरपूर आणि राख कमी. खताच्या कोळशात उलटं, राखच पाव ते अर्धी, आणि त्या राखेत फॉस्फेट, कार्बोनेट, चुना, मॅग्नेशियम. धातू पकडायचं मोठं काम ही राख करते. धातू विरघळलेल्या रूपात आला की फॉस्फेट-कार्बोनेटशी जोडी जमवतो आणि न विरघळणारा साका होऊन बसतो. २००९ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी गाईच्या शेणाच्या बायोचारवर शिशाचं काम केलं, त्यात जेवढं शिसं पाण्यातनं निघालं त्यातलं ८४ ते ८७ टक्के असं साक्याच्या रूपात बसलं होतं, कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटलेलं उरलेलं १३ ते १६ टक्केच. म्हणजे खताचा बायोचार हा अर्धा कोळसा नि अर्धं फॉस्फेटवालं चुनखत आहे असं समजा. त्यात सामूपण वाढतो, आणि सामू वाढला की तांबं, झिंक, कॅडमियम, शिसं सगळेच आखडतात.

इथंच तुमच्या रानाची गोष्ट वेगळी होते. बायोचारनं जमिनीतले धातू बांधले गेले असे जे जोरदार निकाल वाचायला मिळतात त्यातले पुष्कळ आम्लधर्मी जमिनीतले आहेत, सामू पाच-साडेपाच. तिथं सामू एक अंकानं वर गेला की फरक दिसणारच. तुमचा सामू आधीच ८.३, चुनखडी १४ टक्के, वर बोर्डोतला चुना पंचवीस वर्षं पडलाय. चुनखडी जे काम करू शकते ते तुमच्या रानात करून झालंय. म्हणून इतकं तांबं असूनही वेल जगले. त्यात आणखी चुना-फॉस्फेटवाला बायोचार टाकून तांब्यात पडणारा फरक थोडा, पण झिंक आणि लोह मात्र आणखी आवळलं जाईल. बायोचारला तांबं वेगळं नि झिंक वेगळं असं ओळखता येत नाही. झिंक ०.६ च्या खाली कमी धरतात, लोह ४.५ च्या खाली, तुमचं दोन्ही खाली आहे. मेथीचं नवीन पान पिवळं नि शिरा हिरव्या हे लोहाचं लक्षण आहे, त्यात चुनखडीचा हात आहे आणि जास्त तांब्याचापण असू शकतो कारण तांबं मुळापाशी लोहाला आडवं येतं. मला तुमच्या कागदावर तांब्यापेक्षा हे दोन आकडे जास्त टोचतात.

कोंबडखतातल्या तांब्याबद्दल ऐकलंय ते बरोबर आहे. खाद्यात तांबं-झिंक घालतात, पक्षी थोडंच वापरतो, बाकी विष्ठेत. आणि भट्टीत काय होतं, पाणी गेलं, वायू गेला, निम्मं वजन गेलं, धातू तिथंच. समजा वाळलेल्या कोंबडखतात २०० पीपीएम तांबं होतं आणि १०० किलोचा ४५ किलो बायोचार झाला तर तो ४४० पीपीएमचा झाला. आपल्या खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खताला तांब्याची मर्यादा ३०० आहे, झिंकची १०००, शिशाची १००, कॅडमियमची ५, आर्सेनिकची १०. म्हणजे कच्चं खत मर्यादेत, कोळसा मर्यादेबाहेर असं होऊ शकतं. हे खरं की जास्त तापमानाला, पाचशे-सहाशे अंशाला भाजलं की त्यातलं तांबं-झिंक बऱ्यापैकी घट्ट होतं, कच्च्या खताइतकं सुटत नाही. पण तांब्यानं आधीच भरलेल्या रानात बाहेरनं अजून तांबं का आणायचं? विकणाऱ्याकडं त्या मालाचा धातूंचा रिपोर्ट मागा. देत नसेल तर घेऊ नका, माल कितीही काळाभोर असू दे.

शेणाचा बायोचार त्या मानानं सोज्वळ. पण गाईंच्या खुरांना मोरचूदाच्या पाण्यात उभं करत असाल आणि ते पाणी शेणात जात असेल तर तिथंपण तांबं येतं. आणि @भट्टी_कवलापूर भाऊ, तुमची पद्धत छान सांगितलीत, फक्त बाहेरच्या पिंपात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळत असाल तर त्या सालीवर बोर्डो असतो, ती राख बायोचारमध्ये मिसळू देऊ नका.

अजून एक, कमी तापमानाचा कच्चा भाजलेला माल असेल तर त्यातनं तपकिरी पाणी सुटतं. ते विरघळलेलं सेंद्रिय पदार्थाचं पाणी आणि तांब्याला ते फार आवडतं, तांबं त्याला धरून खाली वाहून जाऊ शकतं. म्हणजे बांधायला गेलो आणि मोकळं करून बसलो. शिशाच्या बाबतीत हे एवढं जाणवत नाही, तांब्याच्या बाबतीत जाणवतं.

मात्रेचं बघा. प्रयोगात बायोचार मातीच्या वजनाच्या १ ते ५ टक्के टाकतात. तुमच्या एकराला एक टक्का म्हणजे ९ टन. त्याला २० टन वाळलेलं शेण लागेल, ओलं धरलं तर शंभर टन. पाच गाई, दिवसाला ७५ किलो, वर्षाला २७ टन. जवळजवळ चार वर्षांचं सगळं शेण एका एकराला, आणि तेवढी वर्षं उकिरडा रिकामा. त्या विक्रेत्याचा अर्धा टन म्हणजे ०.०५ टक्के, त्यानं मातीला कळणारसुद्धा नाही.

मी तुमच्या जागी असते तर ते शेण जाळलं नसतं. कुजवलं असतं. चांगलं कुजलेलं शेणखत तांब्याला धरतंच, सामू वाढवत नाही, गांडुळांना खायला मिळतं. दोन वर्षं रान मोकळं आहे तर ताग किंवा धैंचा दोनदा गाडा. बाग काढताना नांगरट खोल करा म्हणजे वरचा तांब्याचा थर खालच्या मातीत मिसळून पातळ होईल. झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या, लोहासाठी चुनखडीत फेरस सल्फेट जमिनीतनं टिकत नाही, फवारणीतनं द्या किंवा ईडीडीएचए चिलेट (चुनखडीत न अडकणारं लोह) ड्रिपमधनं, महाग आहे पण चुनखडीत तेच चालतं. आणि पुढच्या बागेत एक टक्क्याची सवय मोडा, जिथं अर्ध्या टक्क्यात भागतं तिथं अर्धा, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं वेळापत्रक बघून.

तरी बायोचार बघायचाच असेल तर आधी कपात बघा. अळीव आणा, पावशेर पुरे. बी फार पटकन उगवतं आणि मातीत काही बिघडलं की लगेच दाखवतं. प्लास्टिकचे कप घ्या, एकात बांधाची माती, एकात ओळीतली, एकात ओळीतली अधिक शंभर ग्रॅमला एक ग्रॅम शेणाचा बायोचार, एकात तीन ग्रॅम कोंबडखताचा. प्रत्येकात पंचवीस बिया. आठ दिवस. आणि गांडुळांसाठी, एक लांबट डबा, मध्ये पुठ्ठा घालून एका बाजूला बांधाची माती, दुसऱ्या बाजूला ओळीतली, दोन्ही सारख्या ओल्या, पुठ्ठा काढून मधल्या रेघेवर दहा गांडुळं सोडा, वर जाळी, अंधारात दोन दिवस. मग परत पुठ्ठा घालून दोन्हीकडं मोजा.

---

नालाकाठ_मिरज

ताई, एवढं कुणी समजावून सांगत नाही, मनापासून आभार. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, यातच विचारतो.

आमच्या मेव्हण्यांचं परडं आहे, शेजारी पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचं शेड होतं, आता बंद होऊन आठ-दहा वर्षं झाली. तिथली माती तपासली तर शिसं ३४० पीपीएम निघालं. त्या परड्यात वहिनी मेथी, कोथिंबीर, मुळा लावतात, आणि त्यांची दोन नातवंडं दिवसभर त्याच मातीत खेळतात, एक पावणेदोन वर्षांचं आहे, सगळं तोंडात घालतं. तिथं हा शेणाचा बायोचार टाकला तर चालेल का?

---

मातीवाली_कराड

चालेल, पण आधी पोरांना त्या मातीतनं उचला. आजच. बायोचारचं नंतर बघू.

शिसं मुलांच्या अंगात जास्त करून भाजीतनं नाही, मातीतनं आणि धुळीतनं जातं. हात तोंडात गेला की गेलं. लहान मुलं मोठ्यांपेक्षा ते कितीतरी जास्त शोषून घेतात आणि मेंदूवर परिणाम होतो तो भरून येत नाही. दोघांचं रक्तातलं शिसं तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना सांगितलं तर ते लिहून देतात. जेवायच्या आधी हात साबणानं धुवायचे, नखं बारीक, चपला उंबऱ्याबाहेर, घरात झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसायचं. पालेभाजी आणि मुळा-गाजर तिथं बंद, पाल्यावर धूळ बसते आणि मुळ्याला माती चिकटते. लावायचंच असेल तर वांगी, शेवगा असं फळाचं लावा आणि धुऊन घ्या. जिथं पोरं खेळतात तिथं दुसरीकडची स्वच्छ माती अर्धा फूट टाकून वर हरळी वाढू द्या.

आता बायोचार. शिशासाठी खताचा बायोचार हे फार चांगलं जमणारं काम आहे, वर सांगितलेलं ते फॉस्फेटचं. शिसं आणि फॉस्फेट मिळून जो खनिजासारखा दगड होतो तो इतका कमी विरघळतो की मुळाला मिळणारं शिसं बरंच खाली येतं. परडं लहान असतं, दोन गुंठ्याला टक्का-दोन टक्के टाकणं जमण्यासारखं आहे, साडेचारशे ते नऊशे किलो. ओलं करून टाका, कोरडा टाकून धूळ उडवू नका, मातीत नीट मिसळा.

पण एक गोष्ट आधी तपासा. बॅटरीच्या शिशाच्या जाळीत अँटिमनी आणि थोडं आर्सेनिक मिसळलेलं असायचं. हे दोघं शिशासारखे वागत नाहीत. मातीत ते ऋणभाराच्या रूपात असतात, फॉस्फेटच्याच जातीचे. मातीत फॉस्फेट ओतलं की ते त्यांची जागा घेतं आणि यांना बाहेर ढकलतं, सामू वाढला की अजून सुटतात. म्हणजे शिसं बसलं आणि आर्सेनिक उठलं असं होऊ शकतं, आणि शेजारी विहीर असेल तर ते विहिरीत. त्यामुळं एकूण आर्सेनिक आणि अँटिमनीची टेस्ट केल्याशिवाय फॉस्फेटवालं काही टाकू नका. आर्सेनिक निघालं तर इथं परत लिहा. आणि ३४० हा एकाच जागचा नमुना असेल तर शेडच्या भिंतीलगतचा वेगळा घ्या, तिथं याच्या कितीतरी पट असू शकतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

---

डोंगरमाथा_पाटण

आमच्याकडं पाटणच्या वरच्या अंगाला तांबडी माती, सामू ५.३, पाऊस एवढा की चुना टाकला तरी दोन वर्षांत धुऊन जातो. ताईंनी तासगावकरांना जे नको म्हणून सांगितलं ते आमच्याकडं लागू नाही असं मी समजू का? मी नाचणीच्या तुकड्यात शेणाचा बायोचार टाकतोय, सऱ्या धरून, एकदम सगळीकडं न पसरता मुळाच्या पट्ट्यात, आणि फरक मला तरी दिसतो. धातू काय आहेत ते आम्ही कधी तपासलंच नाही पण पीक हिरवं राहतं.

---

मातीवाली_कराड

बरोबर समजलात. तुमच्या सामूला मुळाला त्रास देतं ते ॲल्युमिनियम, आणि सामू साडेपाचच्या वर गेला की तो बसतो. तिथं खताच्या बायोचारातली राखच औषध आहे. फक्त तुमच्याच पावसानं ती राख हळूहळू धुऊन जाणार, पोटॅश पहिल्याच पावसाळ्यात, चुना नंतर. कोळसा मागं राहील पण सामू परत उतरेल, आणि सामूच्या जोरावर जे धरून ठेवलेलं असतं ते सामू उतरला की सुटतं. म्हणून दर दोन वर्षांनी सामू बघत जा.

---

सोनाका_तासगाव

बावीस दिवसांनी लिहितोय, माफ करा, पण केल्याशिवाय काय लिहायचं म्हणून थांबलो होतो.

ग्लासाची टेस्ट आधी केली. त्या गोणीतल्या मालाचं पाणी करडं झालं आणि खाली बोटाच्या पेराएवढा पांढरट गाळ. विक्रेत्याला फोन करून धातूंचा रिपोर्ट मागितला, पाठवतो म्हणाला, अजून आला नाही.

अळीव आठव्या दिवशी मोजलं, आईनं आणि मी वेगवेगळं मोजलं म्हणजे चूक नको. पंचविसातले बांधाच्या मातीत २३, ओळीतल्या मातीत २२, ओळीतली अधिक एक टक्का शेणाचा बायोचार (तो कवलापूरच्या भाऊंकडनं दोन किलो आणला, त्यांनी पैसे घेतले नाहीत) त्यात २३, आणि कोंबडखताच्या तीन टक्क्यात १६, त्यातली पण चार टोकाला तपकिरी. म्हणजे उगवायला आमच्या मातीचा त्रास नाही, त्या गोणीचा आहे. पण ओळीतल्या मातीतली रोपं उपटून मुळं धुऊन बघितली तर बांधाच्या रोपांची मुळं लांब आणि बारीक केसाळ, ओळीतली आखूड, जाडसर, टोकाला बोथट. हे कुणी विचारलं नव्हतं पण दिसलं म्हणून सांगतो.

गांडुळांचं दोनदा केलं. दोन्ही वेळा दहातली आठ बांधाच्या मातीत गेली. दुसऱ्यांदा डब्याच्या बाजू बदलून ठेवल्या होत्या तरी आठच. मग ओळीतल्या मातीत चौथा हिस्सा जुनं कुजलेलं शेणखत मिसळून दहा दिवस ओलं ठेवलं आणि परत केलं, तर सहा बांधाकडं नि चार ओळीकडं. आता ती शेणखताच्या ओढीनं आली का तांबं धरलं गेलं म्हणून आली हे मला सांगता येणार नाही, ताई तुम्हीच सांगा.

मेथीचा एक वाफा परत टाकला होता, तो पिवळा पडल्यावर फेरस सल्फेट अर्धा टक्का आणि त्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालून फवारलं. पाचव्या दिवशी नवीन पानं हिरवी.

बाग पुढच्या आठवड्यात काढतोय, वडिलांना जरा जड जातंय. ट्रॅक्टरवाल्याला खोल नांगरटीचं सांगितलंय, तागाचं बी आणून ठेवलंय, उकिरड्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलं. शेणाचा बायोचार फक्त दोन ओळींच्या जागेत टाकून बघणार आहे, शेणखतात महिनाभर मुरवून, बाकी रानात नाही. खुंट्या मारून ठेवल्यात म्हणजे दोन वर्षांनी जागा सापडेल.

ताई, दोन वर्षांनी माती परत तपासताना नमुना किती खोलीचा घेऊ? नांगरट खोल झाली तर सहा इंचाचा घेऊन चालेल का एक फुटाचा घ्यावा लागेल?

---

मातीवाली_कराड

दोन्ही घ्या, वेगवेगळ्या पिशवीत. शून्य ते सहा इंच एक, सहा ते बारा दुसरा. आणि नांगरटीच्या आधीचे असेच दोन नमुने या आठवड्यातच काढून सावलीत वाळवून घरी ठेवून द्या, म्हणजे तेव्हा एकाच लॅबला, एकाच दिवशी जुनी आणि नवी माती सोबत देता येईल. डीटीपीए आणि एकूण तांबं दोन्ही लावा. कुदळ नको, लाकडी काठी किंवा स्टीलची खुरपी वापरा, बोर्डोच्या बादलीत नमुना गोळा करू नका.

मुळं धुऊन बघितलीत ते फार चांगलं केलंत. बोथट मुळं जास्त तांब्याची खूण असू शकते. शेणखताचा हिस्सा किती आणि ओढ किती ते वेगळं करायचं असेल तर दोन्ही बाजूंना सारखंच शेणखत घालून डबा परत लावा.

वडिलांना नमस्कार सांगा.